आधी वाट रिकामी करा, मग स्विचला हात लावा

महोदय,

‘तांत्रिक देखभालीमुळे आज रात्री १२ ते पहाटे ४ या वेळेत सेवा उपलब्ध राहणार नाही’ ही सूचना आता इतकी सरावाची झाली आहे की तिच्यामागचे कारण कोणी विचारत नाही. विचारलेच तर पुष्कळदा उत्तर मिळते, ‘स्विचवर पॅच टाकायचा होता.’ संगणक, सर्व्हर, फोन, कॅमेरे हे सगळे ज्याला केबलने जोडलेले असतात तो हा स्विच. पॅच म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती. सॉफ्टवेअर बदलले की बहुधा तो रीबूट करावा लागतो आणि मोठ्या स्विचला उठून कामाला लागायला ५ ते १५ मिनिटे लागतात. इथवर सूचना लिहिणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण एका स्विचच्या १५ मिनिटांपायी सगळ्यांची सेवा चार तास बंद ठेवावी लागत असेल, तर तो दोष पॅचचा नाही. जाळ्याच्या मांडणीचा तरी आहे किंवा कामाच्या पद्धतीचा तरी.

याची उलट बाजू अधिक घातक आहे. चार तासांची परवानगी मिळत नाही म्हणून पॅच वर्षानुवर्षे पडून राहतात. सिस्को कंपनीच्या स्विचमधील ‘स्मार्ट इन्स्टॉल’ या सोयीतली सीव्हीई-२०१८-०१७१ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला दिलेला क्रमांक) ही त्रुटी मार्च २०१८ मध्ये जाहीर झाली आणि तिच्यावरचा पॅचही तेव्हाच आला. टीसीपीचा ४७८६ क्रमांकाचा पोर्ट (केबलचा नव्हे, सॉफ्टवेअरमधले दार) बाहेरून पोहोचण्याजोगा असेल तर पासवर्डाशिवाय स्विचमध्ये शिरता येते, अशी ती त्रुटी. सात वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, सिस्को आणि अमेरिकेची एफबीआय या दोघांनाही पुन्हा इशारा द्यावा लागला, की याच भोकातून अजून घुसखोरी चालू आहे. ऑक्टोबर २०२३ मधली सीव्हीई-२०२३-२०१९८ ही त्रुटी १० पैकी १० तीव्रतेची होती आणि ती स्विचच्या वेब पानात होती. या दोन्ही ठिकाणी पॅच हाती येईपर्यंत किंवा रीबूटची वेळ ठरेपर्यंत ती सोय बंद करून ठेवता येत होती. त्यासाठी एकदोन ओळींच्या आज्ञा पुरत होत्या, रीबूट लागत नव्हता. म्हणून सूचनापत्र आले की पहिली नजर ‘तात्पुरता उपाय’ या परिच्छेदावर जावी. वापरात नसलेली सोय बंद केल्यानेच अर्धी घाई संपते.

आता ‘विनाखंड पॅच’ या शब्दाकडे वळू. विक्रेते तो सढळ हाताने वापरतात. स्विचच्या आत दोन वेगळी कामे चालतात. पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, एका पोर्टातून घेऊन दुसऱ्यातून बाहेर काढणे हे फॉरवर्डिंग चिपचे काम. ती आपल्याजवळच्या तक्त्यांवरून चालते. ते तक्ते भरणे, शेजाऱ्यांशी बोलणे, कोणता मार्ग जिवंत आहे हे ठरवणे ही कामे सीपीयूची. सीपीयू दोन मिनिटे गप्प बसला तरी चिपमधले तक्ते शाबूत असतील तर पॅकेट जात राहतात. विनाखंड अपग्रेडच्या सगळ्या युक्त्या एवढ्या एका गोष्टीवर उभ्या आहेत. त्या फसतात त्याही इथेच, कारण शेजारच्या स्विचला चिप दिसत नाही. त्याला फक्त सीपीयूचा आवाज ऐकू येतो, आणि तो थांबला की शेजारी मेला असे तो समजतो.

किती वेळात समजतो, हे आकडे काम करणाऱ्याला पाठ हवेत. दोन-चार केबल एकत्र बांधणारा एलएसीपी संथ लयीत दर ३० सेकंदांनी बोलतो आणि तीन हाका चुकल्या की, म्हणजे ९० सेकंदांनी, जोडणी तोडतो. तोच वेगवान लयीत ठेवला असेल तर दर सेकंदाला एक हाक आणि ३ सेकंदांत काडीमोड. ओएसपीएफ आणि बीजीपी हे स्विचांनी एकमेकांना मार्ग सांगण्याचे नियमसंच. ओएसपीएफचे नेहमीचे गणित १० सेकंदांनी हाक आणि ४० सेकंदांनी तोडणे असे. बीजीपीत अनेक ठिकाणी ६० आणि १८० असते, डेटा सेंटरात ते आवळून ३ आणि ९ वर आणलेले असते. शेजारी जिवंत आहे का एवढेच झटपट पाहणारा बीएफडी ३०० मिलिसेकंदांचा आणि तीनचा गुणक असेल तर ०.९ सेकंदात निकाल. म्हणजे सीपीयू ८० सेकंद झोपणार असेल तर संथ एलएसीपी जेमतेम तग धरतो, १८० सेकंदांचा बीजीपीही टिकतो, बाकी सगळे तुटतात. सॉनिक या स्विचच्या खुल्या प्रणालीतल्या वॉर्म रीबूटची (चिप चालू ठेवून सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करण्याची) आखणी ९० सेकंदांच्या आत एलएसीपीचे संदेश पुन्हा सुरू करण्याच्या बेतानेच केलेली आहे. वेगवान एलएसीपी चालू असताना काही स्विच विनाखंड अपग्रेडला साफ नकार देतात, तोही याच हिशेबाने. तो नकार त्रासदायक वाटतो, पण बरोबर असतो.

राउटिंगसाठी, म्हणजे मार्ग ठरवण्याच्या कामासाठी, ‘ग्रेसफुल रीस्टार्ट’ आहे. त्याची मानके (आरएफसी) ओएसपीएफसाठी ३६२३, बीजीपीसाठी ४७२४. ‘मी थोडा वेळ बोलणार नाही, तोवर माझे मार्ग काढून टाकू नका’ असा हा शेजाऱ्याशी आधीच केलेला करार. करार दोन्ही बाजूंनी चालू असावा लागतो, एका बाजूने केलेला निरुपयोगी. आणि त्याच जोडणीवर बीएफडी चालू असेल, तोही सीपीयूवरच चालणारा असेल, तर ०.९ सेकंदात तो ‘शेजारी गेला’ असे ओरडतो आणि बहुतेक वेळा करार तिथेच मोडतो. कागदावर दोन्ही सोयी चालू दिसतात, प्रत्यक्षात एकीने दुसरीला मारलेले असते.

सगळ्यांत वाईट फसगत स्पॅनिंग ट्रीची, म्हणजे जाळ्यात पॅकेट गोल गोल फिरवणारा लूप होऊ न देणाऱ्या नियमसंचाची. समजा, पॅच होत असलेल्या स्विचच्या खाली दुसरा स्विच आहे आणि त्याने लूप टाळण्यासाठी आपला एक पोर्ट बंद धरला आहे. तो पोर्ट बंद का, तर वरून दर २ सेकंदांनी बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचे संदेश, येत आहेत म्हणून. वरचा सीपीयू झोपला, बीपीडीयू थांबले. रॅपिड स्पॅनिंग ट्रीत ६ सेकंदांनी खालचा स्विच जुनी माहिती फेकून देतो आणि ‘हा पोर्ट मी उघडू का?’ असे विचारतो. उत्तर द्यायला पलीकडे कोणी जागे नाही. मग तो १५ आणि १५ सेकंदांची जुनी वाट धरतो आणि साधारण ३६व्या सेकंदाला पोर्ट उघडतो. वरची चिप मात्र या सगळ्या वेळात पॅकेट ढकलत असतेच. लूप पूर्ण होतो, ब्रॉडकास्ट फिरत राहतात आणि काही क्षणांत सगळे व्हीलॅन (एकाच स्विचवर आखलेली वेगवेगळी जाळी) गारद. स्विच सरळ बंद करून सुरू केला असता तर दहा मिनिटे एक मार्ग कमी झाला असता. ‘विनाखंड’ पॅचने अख्खे जाळे पाडले. लूप गार्ड ही संरक्षक सोय असेल तर पोर्ट उघडत नाही, हे खरे. पण मग ट्रॅफिक ज्यावरून वर जात होता तो पोर्टही तो अडवून बसतो. म्हणूनच ज्यांच्याखाली दुसरा स्विच नाही, फक्त टोकाची यंत्रे आहेत, अशाच पोर्टांच्या स्विचवर हा प्रकार चालवू देणाऱ्या प्रणाली शहाण्या म्हणायच्या.

इतके सगळे असूनही पॅचचे तीन प्रकार ओळखता आले तर बरेचसे काम निर्धास्तपणे भरदिवसा होते. पहिला, चालू प्रक्रियेतच बदल करणारा हॉट पॅच. यात कोणालाच काही जाणवत नाही. दुसरा, एखादी प्रक्रिया थांबवून पुन्हा सुरू करणारा. इथे ती प्रक्रिया कोणती हे पाहावे. देखरेखीला आकडे पुरवणारी एसएनएमपी असेल तर देखरेखीच्या आलेखात एक खाच पडेल, बीजीपी असेल तर वरचा सगळा हिशेब लागू. तिसरा, रीबूट मागणारा. पॅच कोणत्या प्रकारचा आहे हे त्याच्या टिपणात लिहिलेले असते, आणि बऱ्याच स्विचवर प्रत्यक्ष टाकण्याआधी ‘याचा परिणाम काय होईल’ असे विचारणारी आज्ञाही असते. ती चालवून ‘डिसरप्टिव्ह’ हा शब्द येतो का, ते पाहायला अर्धे मिनिट लागते. बूटलोडर (स्विच उठवणारा प्रोग्राम), एफपीजीए (आतली मांडणी बदलता येणारी चिप) यांसारख्या खालच्या थरातल्या बदलांना रीबूट चुकत नाही. तिथे कोणी विनाखंड म्हणत असेल तर पुन्हा विचारावे.

आमचे मत असे, की रीबूट मागणाऱ्या पॅचसाठी विनाखंड अपग्रेडच्या मागे लागूच नये. जोडीने स्विच लावलेले असतील तर एकावरचा ट्रॅफिक हळूच दुसऱ्यावर काढावा, रिकामा झालेला स्विच खुशाल रीबूट करावा आणि तो तयार झाल्यावर ट्रॅफिक परत आणावा. यात जादू नाही, वेळ जास्त जातो आणि प्रात्यक्षिकात दाखवायला भपकेबाज काही नसते. पण आवृत्तीची उडी कितीही मोठी असो, ही रीत बदलत नाही. विनाखंड अपग्रेड मात्र ठरावीक आवृत्तीवरून ठरावीक आवृत्तीवरच जाते. तीन-चार वर्षे मागे पडलेल्या स्विचला ती वाट मिळतच नाही, आणि पॅचची खरी गरज त्यालाच असते.

ट्रॅफिक काढताना केबल उपटू नये, पोर्टही लगेच बंद करू नये. ओएसपीएफमध्ये त्या स्विचने आपल्या मार्गांची किंमत ६५५३५ अशी कमाल जाहीर करावी. शेजारी दुसरा रस्ता धरतात, जुना रस्ता त्या वेळी चालूच असतो, त्यामुळे पॅकेट हरवत नाहीत. ओएसपीएफसारख्याच आयएस-आयएसमध्ये यासाठी ओव्हरलोड बिट, म्हणजे ‘माझ्यातून जाऊ नका’ अशी खूण, आहे. बीजीपीत आरएफसी ८३२६ मधली ६५५३५:० ही कम्युनिटी (मार्गासोबत जाणारी खूण) लावली की ती मानणारा शेजारी त्या मार्गांची पसंती शून्यावर नेतो. शेजाऱ्याकडे ती मानण्याचा नियम लिहिलेला आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर कम्युनिटी जाते आणि काहीच होत नाही. गेटवेचा (आपल्या जाळ्यातून बाहेर पडण्याच्या दाराचा) पत्ता दोन स्विचनी व्हीआरआरपी किंवा एचएसआरपीने वाटून घेतला असेल तर प्राधान्य जोडीदारापेक्षा खाली आणून गेटवेपद आधी त्याच्याकडे जाऊ द्यावे. अनेक कंपन्यांच्या स्विचमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ नावाने हे सगळे एका आज्ञेत बांधलेले असते. आज्ञा एकच असली तरी तिच्या पोटात नेमके काय काय आहे, ते एकदा उघडून वाचावे.

सर्व्हरच्या बाजूला थोडी जास्त काळजी लागते. दोन स्विचवर एलएसीपीने बांधलेला सर्व्हर एक केबल गेल्यावर दुसरीवर जातो, त्यात सेकंदाच्या अंशाएवढे नुकसान होते आणि टीसीपी ते पोटात घालतो. ज्या सर्व्हरवर एक कार्ड चालू आणि एक राखीव अशी मांडणी आहे, तिथे सक्रिय कार्ड सर्व्हरवरूनच हाताने बदलावे. आणि हमखास सापडतात ते एकाच स्विचला जोडलेले. दोन कार्डे आहेत पण दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये, किंवा दुसरी केबल लावलेलीच नाही, किंवा लावली आहे पण तिचा पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये आहे. हा शेवटचा प्रकार पाहण्याने कळत नाही. लिंकचा दिवा हिरवा असतो आणि ट्रॅफिक तिच्यावर आजवर कधी गेलेलाच नसतो. आदल्या आठवड्यात, दिवसाउजेडी, अशा एकेका सर्व्हरचा मार्ग मुद्दाम बदलून पाहणे हाच त्यावर उपाय.

स्विच रिकामा झाला हे कशावरून ठरवायचे? आज्ञा दिली यावरून नव्हे, पोर्टांच्या मोजणीवरून. दर ३० सेकंदांनी आकडे पाहावेत. काही गिगाबिटांवरचा आकडा काही किलोबिटांवर यावा. उरलेले ते शेजाऱ्यांचे आपापसातले संदेश. एखाद्या पोर्टावर अजूनही २०-४० मेगाबिट चालू दिसत असतील तर तिथे कोणीतरी एकट्या दोरीवर लटकलेला आहे. त्याला शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. या पाच मिनिटांच्या निरीक्षणाइतका उपयोगी भाग सबंध कामात दुसरा नाही, आणि घाईत पहिल्यांदा वगळला जातो तो हाच.

त्याआधीची तयारी थोडक्यात. फाइल आदल्या दिवशी स्विचवर चढवून ठेवावी. अलीकडच्या प्रतिमा (स्विचच्या सॉफ्टवेअरच्या फाइली) १ जीबीच्या आसपास असतात आणि उलगडताना तेवढीच जागा आणखी लागते, तेव्हा फ्लॅशमध्ये दुपटीहून जास्त जागा मोकळी असावी. एसएचए-५१२ बेरीज (फाइल शाबूत आहे का हे सांगणारा आकडा) स्विचवरच काढून कंपनीने दिलेल्या बेरजेशी ताडावी. लॅपटॉपवर ताडलेली फाइल स्विचवर पोहोचेपर्यंत तुटलेली असू शकते. चालू कॉन्फिगरेशन आणि साठवलेले कॉन्फिगरेशन यांची तुलना करावी. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी घातलेली आणि कधीच साठवून न ठेवलेली एक ओळ रीबूटनंतर नाहीशी होते आणि दोष पॅचवर येतो. कन्सोलची, म्हणजे जाळ्याशिवाय थेट स्विचशी बोलण्याची, केबल लावलेली हवी. कन्सोलचा वेग जुन्या सवयीने ९६०० असेलच असे धरू नये, आधी लॉगइन करून पाहावे. नव्या आवृत्त्या जुनी सायफर (सांकेतिकीकरणाच्या पद्धती) आणि लहान किल्ल्या बंद करतात, त्यामुळे दुरून लॉगइन करण्याचे एसएसएच लागत नाही. स्विच ठणठणीत असतो, आपल्याला मात्र तो मेल्यासारखा दिसतो. रात्रीचा बॅकअप घेणारी स्क्रिप्टही याच कारणाने गुपचूप बंद पडते आणि ते महिन्याभराने कळते.

एक गोष्ट पुस्तकी यादीत सहसा नसते. चार-पाच वर्षे न थांबता चाललेला स्विच असेल तर रिकामा केल्यावर आधी जुन्याच आवृत्तीवर एकदा रीबूट करावा. थकलेला पॉवर सप्लाय, खराब झालेली फ्लॅश, न उठणारे मॉड्यूल ही दुखणी रीबूटच्या वेळी उघडी पडतात. आधी जुन्यावर उठवून पाहिले तर यंत्राचा दोष आणि पॅचचा दोष वेगळे राहतात. दहा-पंधरा मिनिटे जास्त जातात. पण पहाटे ‘हे पॅचमुळे की आधीपासूनच?’ हा वाद होत नाही.

पॅच टाकण्याचे काम अनेक प्रणालींत तीन पायऱ्यांचे असते: जोडणे, सक्रिय करणे, कायम करणे. सक्रिय केल्यावर ठरावीक मुदतीत ‘कायम’ची आज्ञा दिली नाही तर स्विच आपोआप जुन्या आवृत्तीवर परततो. ही चांगली सोय आहे, पण दुधारी. सगळे ठीक आहे म्हणून घरी गेलेला माणूस तिसरी पायरी विसरतो आणि काही तासांनी, कामाच्या ऐन वेळी, स्विच स्वतःहून रीबूट घेतो. ती मुदत आपल्या प्रणालीत किती आहे हे आधी पाहून घड्याळात गजर लावावा. बूटलोडर किंवा एफपीजीए बदलणार असेल तर पहिले उठणे नेहमीपेक्षा बरेच लांबते, मध्येच एकापेक्षा जास्त वेळा रीबूट होऊ शकतो. अशा वेळी धीर सुटून वीज काढली तर तो स्विच पुन्हा कधी न उठण्याचीही शक्यता असते.

जाण्यापेक्षा परत येणे अवघड. स्विच उठताना आधी पोर्टांचे दिवे लागतात, मार्ग मागाहून शिकले जातात. या मधल्या काळात सर्व्हरला वाटते लिंक आली. तो पॅकेट पाठवू लागतो आणि ती पुढे कुठे न्यायची हे स्विचला अजून ठाऊक नसते. ती गडप होतात. रीबूट निर्विघ्न होऊन परत येताना ४० सेकंदांचा खंड पडला, अशी तक्रार येते ती यामुळे. उपाय तीन ठिकाणी आहेत. जोडीच्या स्विचवर पोर्ट उशिरा उघडण्याचा वेळ वाढवावा. सिस्कोच्या नेक्सस मालिकेत तो मुळात ३० सेकंद असतो आणि मोठा राउटिंग तक्ता असेल तर अपुरा पडतो. दीड ते पाच मिनिटे ठेवणे शहाणपणाचे. ओएसपीएफने उठल्यावर बीजीपी स्थिर होईपर्यंत कमाल किंमतच जाहीर करत राहावी. आणि लिनक्स सर्व्हरच्या बाँडिंगमध्ये (केबल एकत्र बांधण्याच्या सोयीत) ‘अपडिले’ हे लिंक आल्यावर थांबण्याच्या वेळेचे मूल्य शून्यावर सोडू नये. ते मिलिसेकंदांत असते आणि ‘मिआयमॉन’च्या (लिंक तपासण्याच्या अंतराच्या) पटीत द्यावे लागते. व्हीआरआरपी, एचएसआरपीतही गेटवेपद परत घेण्याला विलंब लावावा, नाहीतर नुकता उठलेला स्विच अर्धवट झोपेतच गेटवे होऊन बसतो.

सगळा वेळ मोजणी चालू हवी. एका टोकाच्या यंत्राकडून दुसऱ्या टोकाच्या यंत्राकडे सेकंदाला १० पिंग सोडले की हरवलेला प्रत्येक पिंग १०० मिलिसेकंदांचा. क्रमांक ४११ नंतर थेट ४१९ आला, तर सात गेले, म्हणजे सुमारे ०.७ सेकंदाचा खंड. खुद्द स्विचला पिंग करून काही कळत नाही, तो कामात असला की पिंगला उत्तर द्यायचे टाळतो. आणि एकाच जोडीचे पिंग पुरेसे नाहीत. बांधलेल्या केबलींपैकी कोणत्या केबलवर कोणाचे पॅकेट जाणार हे पत्त्यांच्या हिशेबाने ठरते, म्हणून निरनिराळ्या पत्त्यांच्या निदान आठ-दहा जोड्या घ्याव्यात. एक जोडी निर्मळ आणि दुसरी पूर्ण मेलेली, असे होते.

पॅचआधी आणि पॅचनंतर लिहून ठेवायचे आकडे: चालू पोर्टांची संख्या, बांधलेल्या प्रत्येक गटातले सदस्य, राउटिंगचे शेजारी आणि प्रत्येकाकडून आलेले मार्ग, मॅक (कार्डाचा मूळ पत्ता) आणि एआरपी (कोणता आयपी पत्ता कोणत्या मॅकचा) नोंदींची संख्या, एलएलडीपीत (शेजाऱ्यांनी स्वतःची ओळख सांगण्याच्या सोयीत) दिसणारे शेजारी, सीआरसी चुका (वाटेत बिघडलेली पॅकेट), मेमरी. नजरेने नव्हे, दोन फाइली तुलनेच्या साधनाने ताडाव्यात. ४८ पैकी ४७ पोर्ट चालू हे डोळ्याला दिसत नाही. तो ४८वा पुष्कळदा दुसऱ्या कंपनीच्या ऑप्टिक मॉड्यूलचा असतो. नव्या आवृत्तीने ते नाकारलेले असते.

जोडीतला दुसरा स्विच त्याच रात्री करावा का, यावर मतभेद आहेत. एकच रात्र म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा, की जोडीत दोन वेगळ्या आवृत्त्या फार काळ ठेवणे कंपन्यांना मान्य नसते आणि त्या अवस्थेत कॉन्फिगरेशन बदलणे धोक्याचे असते. तो बरोबर आहे. तरीही हळूहळू मेमरी खाणारे दोष दोन तासांत दिसत नाहीत. आमच्या मते एक पूर्ण कामाचा दिवस जाऊ द्यावा, त्या काळात कॉन्फिगरेशनला हात लावू नये, आणि मग दुसरा करावा. आठवडे मात्र लोटू नयेत.

राहिला शेवटच्या टोकाचा स्विच, ज्यातून एकेक केबल एकेका टेबलाकडे, फोनकडे, कॅमेऱ्याकडे जाते. इथे दुसरा मार्गच नाही, त्यामुळे इथे खंड पडतो आणि तसे स्पष्ट सांगावे. फक्त तो कमी करता येतो. एकमेकांना जोडून एकच स्विच म्हणून चालणारा स्टॅक असेल तर तो साधारणपणे एकदम रीबूट होतो, हे विसरून ‘चार आहेत, एकेक करू’ असे गृहीत धरले जाते. जलद रीबूटची सोय असेल तर काही मालिकांत खंड अर्ध्या मिनिटाच्या आत येतो. केबलमधूनच वीज देणाऱ्या पोर्टांवर रीबूटच्या काळातही वीज चालू ठेवण्याची सोय असेल तर ती लावून ठेवावी. नाहीतर स्विच पाच मिनिटांत उठतो, पण त्यानंतर सगळे फोन आणि वायफायचे अॅक्सेस पॉइंट एकदम उठायला लागतात आणि आणखी काही मिनिटे जातात.

या स्विचवर दोन छुपे खड्डे आहेत. कोणत्या पोर्टावर कोणाला कोणता पत्ता मिळाला याची डीएचसीपी स्नूपिंगची यादी मेमरीत असते. ती फाइलीत साठवण्याची सोय लावलेली नसेल तर रीबूटनंतर ती कोरी होते, आणि एआरपी तपासणी चालू असेल तर ती यादी पाहून सगळ्यांचीच एआरपी फेकून देते. पोर्ट चालू, पत्ता आहे, पण काहीच चालत नाही. नव्याने पत्ता मागेपर्यंत यंत्र असेच बसून राहते. साठवण्याची सोय लावली तरी अनेक स्विच बदल ३०० सेकंदांनी लिहितात, म्हणून रीबूटपूर्वी पाच मिनिटे थांबावे. दुसरा खड्डा ८०२.१एक्सचा, म्हणजे जोडलेल्या यंत्राची ओळख पटवूनच पोर्ट उघडण्याच्या पद्धतीचा. शेकडो यंत्रे एकाच वेळी ओळख पटवायला रेडियस सर्व्हरवर धडकतात. आणि ज्यांना ८०२.१एक्स येत नाही असे प्रिंटर मॅक पत्त्यावरून आत घेण्याआधी नेहमीच्या मूल्यांनुसार स्विच ३० सेकंदांच्या तीन हाका मारून पाहतो, म्हणजे प्रिंटरसाठी दीड मिनिट वाढले. हे वेळापत्रकात धरावे.

सेवा बंद ठेवण्याची सूचना काढणाऱ्यांना, आणि त्यावर सही करणाऱ्यांना, आमची मागणी छोटी आहे. सूचनेत ‘१२ ते ४’ असे सरसकट लिहू नये. कोणत्या मजल्यावर किंवा कोणत्या सेवेला किती मिनिटांचा खंड अपेक्षित आहे ते लिहावे, आणि काम झाल्यावर प्रत्यक्षात किती पडला तेही. नवे स्विच घेताना निविदेत ‘विनाखंड अपग्रेडची सोय असावी’ ही ओळ घालून कोणी थांबू नये, तिला हो म्हणणारे सगळेच असतात. त्याऐवजी स्वीकृती चाचणीत एवढे लिहावे: प्रत्यक्ष भार चालू असताना जोडीतला एक स्विच रिकामा करून, रीबूट करून, परत जोडायचा. १०० मिलिसेकंदांच्या अंतराने दहा जोड्यांमध्ये पिंग चालू ठेवायचे. जाताना आणि येताना कोणत्याही जोडीत दहापेक्षा जास्त हरवले तर स्वीकृती नाही. मग तीच चाचणी दुसऱ्या स्विचवर करायची, कारण पहिल्यावर उत्तीर्ण झालेली मांडणी दुसऱ्यावर नापास होणे हे नेहमीचेच आहे.

आपले,
नेटवर्क देखभालीच्या कामातील काही वाचक